सफरचंदाच्या माशीची लांब झोप

अमेरिकेच्या न्यूयॉर्क किंवा मिशिगन राज्यात जानेवारी महिन्यात सफरचंदाच्या बागा निष्पर्ण असतात. जमिनीवर बर्फाचा थर साचलेला असतो आणि कीटकांचा कोठे मागमूसही नसतो. मात्र त्याच बर्फाखाली, मातीत जेमतेम अडीच ते पाच सेंटिमीटर खोलीवर, गव्हाच्या दाण्यासारखे दिसणारे असंख्य तपकिरी कोष पडलेले असतात. ‘ॲपल मॅगट’ या नावाने तेथील बागायतदारांत कुप्रसिद्ध असलेल्या फळमाशीचे हे कोष होत. ‘ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला’ हे तिचे शास्त्रीय नाव. वर्षाच्या बारा महिन्यांपैकी नऊ-दहा महिने ही माशी याच अवस्थेत काढते. पंख फुटून हवेत वावरण्याचा तिचा काळ अवघा महिनाभराचा असतो, आणि तो महिना कोणता असावा हे ठरवण्यासाठीच बाकीचे वर्ष खर्ची पडते.

थंडी पडली की कीटक गारठतात आणि झोपी जातात, ऊब आली की जागे होतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या माशीच्या बाबतीत वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. तिची झोप लागते ती उन्हाळ्याच्या अखेरीस, माती चांगली उबदार असताना. त्या उबेतही ती मोडत नाही. ती मोडण्यासाठी कित्येक आठवड्यांची थंडी लागते. थंडी तिला झोपवत नाही, तर जागे होण्याची मुभा देते. सफरचंदाच्या बागेतील फवारणीच्या वेळापत्रकापासून फळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारापर्यंत आणि उत्क्रांतीशास्त्रातील एका जुन्या वादापर्यंत अनेक गोष्टी या एका वैशिष्ट्याभोवती फिरतात.

गारठणे आणि झोपणे

एखादा कीटक फ्रिजमध्ये ठेवला तर त्याची हालचाल मंदावते आणि बाहेर काढल्यावर काही मिनिटांत तो पूर्ववत होतो. हे केवळ गारठणे होय. प्रतिकूल परिस्थितीला शरीराने दिलेला तो तात्काळ प्रतिसाद असतो आणि परिस्थिती निवळताच तो संपतो. कीटकशास्त्रज्ञ ज्याला ‘डायपॉज’ म्हणतात ती सुप्तावस्था निराळी. ती प्रतिकूल काळ येण्यापूर्वीच सुरू होते. कोषातील वाढ पुढे चालू ठेवणाऱ्या संप्रेरकांचा स्राव थांबतो, चयापचयाचा वेग झपाट्याने उतरतो, प्राणवायूचा वापर अगदी अल्प होतो आणि शरीर अळीच्या अवस्थेत साठवलेल्या चरबीवर काटकसरीने तग धरते. या काळात कोषाला कितीही उबदार ठेवले तरी बहुसंख्य कोषांची वाढ सुरू होत नाही. बाहेरचे हवामान अनुकूल असूनही आतून नकार मिळत राहतो, हे या अवस्थेचे खरे लक्षण.

असा नकार का आवश्यक आहे, हे माशीच्या वार्षिक क्रमावरून ध्यानात येते. जूनच्या अखेरीपासून जमिनीतून माश्या बाहेर पडू लागतात आणि हा क्रम ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालतो. घरमाशीपेक्षा किंचित लहान, काळ्या अंगाची, पारदर्शक पंखांवर काळे नागमोडी पट्टे असलेली ही माशी बाहेर आल्यावर लगेच अंडी घालू शकत नाही. अंडी परिपक्व होण्यास साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो. त्यानंतर मादी कच्च्या सफरचंदाच्या सालीखाली सुईने टोचावे तसे एकेक अंडे घालते आणि फळाच्या पृष्ठभागावर एक गंधद्रव्य फासून जाते. ‘ही जागा भरलेली आहे’ अशी दुसऱ्या माद्यांसाठी ती खूण असते. अंड्यातून निघालेली अळी गरातून वेडेवाकडे तपकिरी बोगदे काढत फिरते. बाहेरून सुबक दिसणारे फळ कापल्यावर आत रेल्वेमार्गांचा नकाशा उघडावा तसे दृश्य दिसते. तेथील शेतकरी या अळीला ‘रेल्वे किडा’ म्हणतात ते यामुळेच. कीडग्रस्त फळ अकाली गळते, अळी फळातून बाहेर पडून मातीत शिरते आणि कोष तयार होतो. हे सारे ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत घडते.

आता सप्टेंबरमधील एका कोषाचा विचार करावा. मातीचे तापमान २० ते २५ अंश सेल्सियस आहे. वाढीसाठी ते उत्तम. या उबेला भुलून कोषातील माशीने वाढ पूर्ण केली तर ती ऑक्टोबरमध्ये बाहेर येईल. तेव्हा झाडावर अंडी घालण्याजोगी फळे नसतील आणि पहिल्या कडाक्याच्या थंडीत ती निर्वंश मरेल. अर्धवट वाढलेल्या अवस्थेत हिवाळ्यात सापडणारी माशीही बहुधा वाचत नाही. म्हणजे या कोषापुढे पहिला धोका थंडीचा नाही, तर हिवाळ्यापूर्वीच्या फसव्या उबेचा आहे.

तापमानाचे तीन टप्पे

माशीच्या सुप्तावस्थेवर तापमानाचा अंमल तीन वेगवेगळ्या काळांत तीन वेगवेगळ्या रीतींनी चालतो. या तिघांची सरमिसळ केल्याने बरेच गैरसमज निर्माण होतात.

पहिला टप्पा हिवाळ्यापूर्वीचा. या काळातील ऊब ही झोपेची परीक्षा पाहणारी असते. कोष जितके दिवस उबेत राहील तितकी त्याची साठवलेली चरबी अधिक जळते, कारण झोपेतही शरीराचा खर्च तापमानाबरोबर वाढतोच. शिवाय, झोप कच्ची असलेले काही कोष या उबेत वाढीला लागतात. प्रयोगशाळेत थंडी न देता सतत उबेत ठेवलेल्या कोषांपैकी काही थोड्या आठवड्यांत, तर काही अनेक महिन्यांनी माश्या देतात आणि पुष्कळसे तसेच मरतात. थंडीविना बाहेर येणे सर्वस्वी अशक्य नाही, पण ते विस्कळीत, तुरळक आणि कोणत्याही फळहंगामाशी न जुळणारे असते. झोपेत जाण्याच्या निर्णयात दिवसाच्या लांबीचाही वाटा आहे. आखूड होत जाणारे दिवस अधिकाधिक कोषांना सुप्तावस्थेकडे ढकलतात. मात्र एकदा कोष जमिनीखाली गेला की उजेडाचा संदर्भ तुटतो आणि उरते ते तापमान.

दुसरा टप्पा हिवाळ्याचा. प्रयोगशाळांत या कोषांना साधारण ४ ते ५ अंश सेल्सियसला काही महिने ठेवतात. गोठणबिंदूच्या आसपासचे हे तापमान झोप मोडण्यासाठी उपयुक्त असते, हाडे गोठवणारी थंडी त्यासाठी लागत नाही. या महिन्यांत बाहेरून काहीच घडताना दिसत नाही, पण आत वाढीवरील बंधन हळूहळू सैल होत जाते. थंडीचा काळ अपुरा पडला तर माश्या कमी संख्येने, उशिरा आणि मागेपुढे निघतात. तो पुरेसा असला तर बहुसंख्य कोष जवळपास एका वेळी वाढीस सज्ज होतात. येथे बर्फाच्या थराचे महत्त्व लक्षात घ्यावे लागते. हवेचे तापमान उणे २० अंशांपर्यंत उतरले तरी बर्फाच्या दुलईखालची माती गोठणबिंदूच्या जवळपास राहू शकते. बर्फाविना उघडी राहिलेली जमीन कोषांना अधिक जाचक ठरते.

तिसरा टप्पा वसंतातला. हिवाळ्याच्या उत्तरार्धात झोप खरे तर संपलेली असते. कोष आता केवळ गारठलेला असतो, म्हणजे आरंभी सांगितलेल्या पहिल्या प्रकारात येतो. येथून पुढे ऊब म्हणजे सरळ वाढ. सुप्तावस्थेत निरुपयोगी ठरलेली तीच ऊब आता घड्याळाचा काटा पुढे सरकवते.

हे घड्याळ शेतकऱ्यांनाही वाचता येते. त्यासाठी ‘अंश-दिवस’ हे माप वापरतात. १० अंश सेल्सियस ही वाढीची किमान मर्यादा मानली जाते. एखाद्या दिवसाचे सरासरी तापमान १८ अंश असेल, तर त्या दिवशी ८ अंश-दिवस जमा झाले. सरासरी १० अंशांखाली असेल तर शून्य. १ मार्चपासून ही बेरीज करीत गेल्यास ती सुमारे ५०० वर पोहोचते तेव्हा पहिल्या माश्या बाहेर पडू लागतात, असा पूर्व अमेरिकेतील बागांचा ठोकताळा आहे. फॅरनहाइट मापनात हाच आकडा ९०० होतो. तेथील कृषी विस्तार सेवा हवामान केंद्रांच्या नोंदींवरून ही बेरीज शेतकऱ्यांना कळवतात. पहिली माशी आणि पहिले अंडे यांच्यामध्ये असलेला आठवडा-दीड आठवडा हीच फवारणीची योग्य संधी. ती हुकली तर अळी फळात सुरक्षित होते आणि मग कोणतेही फवारे तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

अर्थात हा ठोकताळा सरासरीचा आहे. दक्षिणेकडे उतार असलेली, गवत नसलेली जमीन लवकर तापते. दाट सावलीतील, पालापाचोळ्याने झाकलेली उशिरा. एकाच बागेत दोन झाडांखालच्या माश्यांत काही दिवसांचे अंतर पडते. म्हणून हिशेबाच्या जोडीला सापळे लावतात. रोनाल्ड प्रोकोपी या कीटकशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात तयार केलेला सापळा म्हणजे चिकट द्रव्य लावलेला लाल गोळा. माशीला तो एखाद्या टपोऱ्या, पिकत्या सफरचंदासारखा भासतो. इतक्या साध्या उपकरणाने इतकी वर्षे इतके चोख काम करावे, हे कौतुकास्पदच आहे.

आणखी एक खाचखळगा आहे. काही थोडे कोष पहिल्या हिवाळ्यानंतरही जागे होत नाहीत, ते दुसऱ्या वर्षी उठतात. एखाद्या वर्षी अवकाळी गारठ्याने मोहोर जळाला आणि बागेत फळच धरले नाही, तर त्या वर्षी निघालेल्या माश्यांना अंडी घालण्यास जागा राहत नाही. पण जमिनीत शिल्लक राहिलेले हे कोष पुढच्या हंगामात कीड जिवंत ठेवतात. त्यामुळे एका वर्षाच्या मोहिमेने बाग कीडमुक्त झाली असे मानणे धोक्याचे ठरते. गळालेली फळे दर आठवड्याला वेचून नष्ट करणे हा जुना, कंटाळवाणा आणि तरीही परिणामकारक उपाय. अळी मातीत उतरण्यापूर्वीच साखळी तुटते.

हॉथॉर्नहून सफरचंदावर

ही माशी मूळची उत्तर अमेरिकेची, पण सफरचंद तेथले नाही. युरोपीय वसाहतकारांनी सतराव्या शतकात ते तेथे नेले. त्यापूर्वी ही माशी हॉथॉर्न या काटेरी रानझाडाच्या बोराएवढ्या लाल फळांवर उपजीविका करीत असे, आणि आजही करते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीच्या खोऱ्यातून सफरचंदांत अळ्या सापडू लागल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. इलिनॉय राज्याचे पहिले राज्य कीटकशास्त्रज्ञ बेंजामिन वॉल्श यांनी १८६७ मध्ये या माशीचे शास्त्रीय वर्णन केले. वॉल्श जन्माने इंग्रज, केंब्रिजमध्ये डार्विनचे समकालीन आणि त्याचा पत्रव्यवहारातील स्नेही. खाद्यवनस्पती बदलल्याने एकाच प्रदेशात एका जातीच्या दोन जाती होऊ शकतात, असा विचार त्यांनी मांडला होता आणि ही माशी त्यांना त्याचे उदाहरण वाटत होती. पुढे दोनच वर्षांनी रेल्वेच्या धडकेत त्यांचा मृत्यू झाला आणि हा विचार बराच काळ अडगळीत पडला.

विसाव्या शतकातील जीवशास्त्रज्ञांचा बहुमताचा कौल वेगळा होता. डोंगर, नदी, समुद्र अशा अडथळ्याने दोन समूह विभागले गेले तरच नवी जाती निर्माण होते, असे अर्न्स्ट मायर यांच्यासारखे मातब्बर अभ्यासक आग्रहाने सांगत. गाय बुश यांनी १९६०च्या दशकात वॉल्श यांची माशी पुन्हा चर्चेत आणली. १९८८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात जेफ्री फेडर, बुश आणि इतर संशोधकांचे लेख प्रसिद्ध झाले. सफरचंदावरील आणि हॉथॉर्नवरील माश्या शेजारशेजारच्या झाडांवर राहूनही आनुवंशिकदृष्ट्या वेगळ्या आहेत, असे त्यांतून दिसले. त्याच वर्षी तेथेच प्रसिद्ध झालेल्या डी. सी. स्मिथ यांच्या लेखाने या वेगळेपणाचा संबंध ऋतुमानाशी, माश्या बाहेर पडण्याच्या वेळेशी जोडला.

गुंता असा आहे. सफरचंद हॉथॉर्नपेक्षा साधारण तीन ते चार आठवडे आधी पिकते. माश्यांचे मीलन फळावरच होते, त्यामुळे ज्या फळाच्या हंगामात माशी बाहेर पडेल त्याच फळावर तिला जोडीदार मिळतो. सफरचंदावरच्या माश्या सरासरीने सुमारे दहा दिवस आधी निघतात. या दहा दिवसांनी आणि प्रत्येकीच्या फळाच्या वासाच्या आवडीने दोन्ही कुळांतील संकर दर पिढीला चार ते सहा टक्क्यांवर रोखून धरला आहे. मध्ये डोंगर नाही, नदी नाही, आहे ते केवळ कॅलेंडर.

सुप्तावस्थेचा प्रश्न येथेच अवघड होतो. सफरचंद लवकर पिकते म्हणून त्यातील अळ्याही लवकर जमिनीत उतरतात, अगदी ऑगस्टच्या उकाड्यात. हॉथॉर्नमधील अळ्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गारव्यात उतरतात. म्हणजे सफरचंदावरच्या माशीला हिवाळ्यापूर्वी जास्त दिवसांची आणि जास्त तीव्र ऊब सोसावी लागते, तेव्हा तिची झोप आरंभी अधिक घट्ट हवी. पण पुढच्या वर्षी तिला हॉथॉर्नच्या माशीपेक्षा आधी उठायचे आहे. गाढ झोपावे आणि लवकरही उठावे, अशी ही दुहेरी मागणी. झोपेची सुरुवात आणि झोपेचा शेवट हे बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे बदलू शकतात, हे या माशीच्या अभ्यासातून पुढे आलेले महत्त्वाचे निरीक्षण आहे. केवळ ‘झोपेची लांबी’ मोजून ते कळले नसते.

फेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याची परीक्षा घेतली. हॉथॉर्नवरच्या माशीचे कोष हिवाळ्यापूर्वी मुद्दाम जास्त काळ उबेत ठेवले आणि त्यातून जगलेल्या माश्यांचे आनुवंशिक गुण तपासले. एकाच पिढीत ते सफरचंदी माश्यांच्या गुणांकडे झुकलेले आढळले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्कॉट ईगन, फेडर आणि इतरांनी हेच काम संपूर्ण जनुकसंचावर केले. हॉथॉर्नच्या कोषांचा एक गट हिवाळ्यापूर्वी ७ दिवस, तर दुसरा ३२ दिवस २६ अंश सेल्सियसला ठेवला आणि नंतर दोघांना सारखाच कृत्रिम हिवाळा दिला. तगलेल्या माश्यांतील फरक जनुकसंचावर सर्वदूर पसरलेले होते आणि त्यांची दिशा निसर्गात दोन कुळांमध्ये दिसणाऱ्या फरकाशी जुळत होती. पंचवीस दिवसांच्या जादा उबेने, इतर काही न बदलता, दीड शतकाच्या उत्क्रांतीची दिशा प्रयोगशाळेत पुन्हा उमटवली. जीवशास्त्रात इतके नेटके उत्तर क्वचितच मिळते.

अर्थात दीडशे वर्षांत हे सारे शून्यातून घडले नाही. २००३ मधील संशोधनानुसार सुप्तावस्थेशी निगडित अनेक जनुकरूपे मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील माश्यांत लाखो वर्षांपूर्वी वेगळी झाली होती आणि तेथून उत्तरेकडे झिरपली होती. सफरचंद आले तेव्हा निवडीसाठी माल तयार होता. एकाच प्रदेशात जाती फुटतात असे म्हणणाऱ्यांचा विजय त्यामुळे थोडा फिका होतो, पण खोटा ठरत नाही.

माशीमागोमाग तिचा शत्रूही सरकला. ‘डायाकास्मा अलोयम’ ही चिमुकली गांधीलमाशी फळात दडलेल्या अळीच्या अंगात अंडे घालते. तिचे पिल्लू माशीच्या कोषातच हिवाळा झोपून काढते आणि यजमानाला आतून संपवून पुढच्या उन्हाळ्यात बाहेर पडते. तिलाही माशीच्या वेळापत्रकाप्रमाणे उठावे लागते. २००९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील लेखाने दाखवले, की सफरचंदावरच्या आणि हॉथॉर्नवरच्या गांधीलमाश्याही एकमेकींपासून वेगळ्या होऊ लागल्या आहेत. फळाच्या पिकण्याचा काळ बदलला, त्याने माशीची झोप बदलली आणि माशीच्या झोपेने तिच्या शत्रूची.

पश्चिमेकडील सीमारेषा

अमेरिकेतील निम्म्याहून अधिक सफरचंदे पॅसिफिक किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्यात होतात. मुंबई-पुण्याच्या फळबाजारात बारीक चिकटपट्टी लावून मिळणारी ‘वॉशिंग्टन ॲपल’ तेथलीच. पूर्वेकडची ही माशी १९७९ मध्ये शेजारच्या ऑरेगन राज्यात पोर्टलँडजवळ सापडली आणि पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये. ती बहुधा कीडग्रस्त फळांबरोबर आली असावी. कॅस्केड पर्वतरांगेच्या पश्चिमेकडील दमट भागात तिने बस्तान बसवले, पण पूर्वेकडील कोरड्या खोऱ्यांतील व्यापारी बागा मोठ्या प्रमाणावर तिच्यापासून मुक्त राहिल्या आहेत. हे असेच राहावे यासाठी राज्याने अलग क्षेत्रे आखली आहेत. घरच्या झाडाची सफरचंदे या क्षेत्रांतून बाहेर नेऊ नयेत, असे फलक रस्त्यांवर लावलेले असतात. परसातील एका झाडाच्या टोपलीभर फळांपायी निर्यातीची दारे बंद होऊ शकतात, ही भीती अवाजवी नाही.

पश्चिमेकडे माशी नव्या वेळापत्रकांशीही जुळवून घेत आहे. तेथील स्थानिक काळा हॉथॉर्न सफरचंदाच्या आधी पिकतो, तर युरोपातून आणलेला शोभेचा हॉथॉर्न नंतर. माश्या बाहेर पडण्याचा क्रमही त्याला अनुसरून लागलेला दिसतो. पूर्वेकडे दीडशे वर्षांत घडले ते येथे काही दशकांत नव्याने घडू लागले आहे.

बागेतून निघालेल्या फळांसाठी मात्र थंडी हेच शस्त्र आहे. फळातील अंडी आणि अळ्या मारण्यासाठी शून्य अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी तापमानाला फळे सलग ४० दिवस ठेवण्याची पद्धत अलगीकरणाच्या नियमांत मान्य आहे. वरवर हे विसंगत वाटते. जो जीव बर्फाखाली महिनोन्‌महिने काढतो तो शीतगृहात का मरावा? उत्तर अवस्थेत आहे. सुप्तावस्थेत गेलेला कोष थंडीसाठी सज्ज असतो, फळात चरणारी अळी नसते. थंडी एकीला उठवते आणि दुसरीला मारते.

कोकणातल्या आंब्यावर पडणारी फळमाशी या माशीच्याच कुळातली, पण तिच्याकडे असली झोप नाही. उष्ण प्रदेशात हिवाळा टाळण्याची गरज नसल्याने ती एका फळावरून दुसऱ्या फळावर जात वर्षभर पिढ्यामागून पिढ्या काढते. तिला वेळापत्रकाने गाठता येत नाही. २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवर लासलगावच्या केंद्रात विकिरण प्रक्रिया सुरू झाली, त्यामागे अशा किडींचीच चिंता होती. सफरचंदाची माशी उलट मुंबईच्या हवेत वसाहत करू शकणार नाही, तिला लागणारी थंडी येथे नाही. ती भारतात आढळत नाही. ती आलीच तर धोका काश्मीर आणि हिमाचलच्या बागांना असेल, कारण तेथे सफरचंदही आहे आणि पुरेसा हिवाळाही.

तापते ऋतू

हवामान तापत असताना या माशीचे काय होईल, याचे उत्तर ‘कीड वाढेल’ किंवा ‘कीड घटेल’ अशा एका शब्दात देता येत नाही. तिन्ही टप्पे वेगवेगळ्या दिशांना ओढतात. शरद ऋतू उबदार आणि लांब झाला तर कच्च्या झोपेचे कोष अवेळी उठून मरतील आणि उरलेल्यांची चरबी अधिक जळेल. हिवाळा सौम्य झाला तर उत्तरेकडे कदाचित काहीच बिघडणार नाही, पण दक्षिण सीमेवर थंडी अपुरी पडून माश्या विस्कळीतपणे निघतील. बर्फ कमी पडला तर हवा उबदार असूनही माती अधिक थंड होण्याचा उलटा प्रकार संभवतो. वसंत लवकर आला तर अंश-दिवसांची बेरीज लवकर भरून माश्या आधी निघतील, पण त्याच वेळी फळेही आधी पिकतील आणि दोघांचा वेग सारखाच राहील याची खात्री नाही. वाढीव तापमानाच्या नियंत्रित प्रयोगांत सफरचंदी आणि हॉथॉर्नी माश्यांचा प्रतिसाद एकसारखा आढळलेला नाही. त्यांना वेगळे ठेवणारे दहा दिवसांचे अंतर त्यामुळे कमी-जास्त होऊ शकते. शिवाय तिसरा पक्षकार असलेल्या गांधीलमाशीला दोघींच्या मागे धावावे लागेल.

बागायतदाराच्या दृष्टीने अधिक निकटचा प्रश्न हिशेबाचा आहे. १ मार्चपासून अंश-दिवस मोजण्याच्या पद्धतीत एक न लिहिलेले गृहीतक आहे. त्या तारखेपर्यंत थंडीचे काम पुरे झालेले असते, सर्व कोष झोपेतून मोकळे असतात आणि आता केवळ उबेची वाट पाहत असतात, असे ती पद्धत मानते. कडक हिवाळ्याच्या प्रदेशात हे गृहीतक आजवर टिकले. फेब्रुवारीतच १० अंशांवरचे दिवस येऊ लागले तर ती ऊब या बेरजेत येतच नाही, आणि डिसेंबर-जानेवारीची थंडी तुटपुंजी पडली तर मार्चमधील ऊब झोपेतच असलेल्या कोषांवर वाया जाते. पहिल्या बाबतीत माश्या अंदाजाआधी निघतील, दुसऱ्या बाबतीत नंतर आणि पांगून. अशा वर्षी फवारणीचा दिवस बेरजेवरून न ठरवता, झाडावर टांगलेल्या लाल गोळ्याला पहिली माशी केव्हा चिकटते यावरूनच ठरवावा लागतो.